शहर फावल्या वेळात, समुद्र सवडीने

वाचकाचे पत्र : मी यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीत काम करते आणि महिन्यातून दोनदा तरी मला कामानिमित्त विमान पकडावे लागते. सहा वर्षांत वीसेक शहरांत जाऊन आले. त्यांतल्या तीन शहरांत तर वर्षातून चार-पाच खेपा होतात. परंतु कोणी विचारले, तर विमानतळ, हॉटेल आणि सभागृह यांपलीकडे एकाही शहराबद्दल मला काही सांगता येत नाही. ओळखीचे लोक मात्र ‘मजा आहे बुवा तुमची’ म्हणतात. गेल्या वर्षी ही उणीव भरून काढण्यासाठी मी एका परिषदेच्या आधी चार दिवसांची समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी जोडली आणि पती व नऊ वर्षांच्या मुलीलाही सोबत नेले. त्या चार दिवसांत मी खोलीत बसून सादरीकरण दुरुस्त करीत राहिले आणि चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, ‘आई, तू आलीच नाहीस.’ आता दोन महिन्यांनी किनाऱ्यावरच्याच एका शहरात तीन दिवसांचे काम निघाले आहे. पुन्हा प्रयत्न करावा की काम आणि सुट्टी कायमची वेगळी ठेवावी? आणि गेलोच, तर लॅपटॉपचे काय करू?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही त्या एकाच दावणीला बांधल्या आहेत, असे मला दुसऱ्या वाचनात जाणवले. शहरांमध्ये तुम्हाला तास-दोन तासांची सवड मिळत होती, परंतु एवढ्याशा वेळात काय होणार, असे म्हणून तुम्ही ती सोडून दिली. समुद्रकिनाऱ्यावर सलग दिवसांची गरज होती, तिथे मात्र तुम्ही तास-दोन तासांत भागवू पाहिले. जिथे तुकडे चालले असते तिथे अख्ख्या दिवसाची वाट पाहिली आणि जिथे अख्खा दिवस हवा होता तिथे तुकडे पुढे केले, असा हा उलटा व्यवहार झाला. कामाचा प्रवास आणि सुट्टी यांचे वैर आहे असे मला वाटत नाही. कोणत्या ठिकाणाला कसला वेळ द्यायचा, एवढाच हा प्रश्न आहे.

शहर हे मुळात काम करणाऱ्या माणसांनी कामाच्या आगेमागे वापरण्यासाठीच घडलेले असते. संध्याकाळी साडेसहाला मोकळ्या होणाऱ्या माणसासाठी तिथले रस्ते, पूल, बागा, नाट्यगृहे आणि दुकाने सज्ज असतात आणि त्यांतली एकच गोष्ट घेऊन माणूस परत फिरला तरी ती गोष्ट अर्धवट राहत नाही. समुद्राचे तसे नसते. किनाऱ्यावर पाहण्यासारखे जे असते ते पहिल्या दहा मिनिटांत पाहून होते; त्यानंतर जे मिळते ते तिथे नुसते राहण्यातून मिळते आणि त्याला वेळ लागतो. पहिल्या दिवशी वाळूवर बसलेला माणूस मनाने कार्यालयातच असतो, दुसऱ्या दिवशी त्याला चक्क कंटाळा येतो, आणि तो कंटाळा ओलांडल्यावर कुठे काल पाण्याची ओली रेघ नेमकी कुठपर्यंत आली होती हे त्याच्या लक्षात राहू लागते. दर अर्ध्या तासाने मेल उघडणाऱ्या माणसाचा तो पहिला दिवसच चार वेळा होतो. गेल्या वर्षी तुमचे हेच झाले.

लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांच्या प्रकृतीच्या आणि मनःस्थितीच्या नोंदी नेदरलँड्समधील संशोधकांनी ठेवल्या होत्या. सुट्टी सुरू होताच लोकांना बरे वाटू लागले, आठव्या दिवशी ते बरे वाटणे शिखराला पोहोचले आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे पूर्वपदावर आले. या निष्कर्षाची पहिली बाजू समुद्राच्या उपयोगाची आहे, कारण विसावा हा दिवसागणिक साचत जातो. दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. वर्षातून एकदा मोठी सुट्टी घेऊन ती पुढच्या अकरा महिन्यांसाठी साठवून ठेवता येत नाही, तेव्हा महिन्यातून दोनदा वाट्याला येणारी परक्या शहरातली मोकळी संध्याकाळ ही उपेक्षेची वस्तू नाही.

म्हणून आधी शहरांविषयी. ज्या तीन शहरांत तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा जाता, त्यांचा उल्लेख तुम्ही त्रासाच्या सुरात केला आहे, परंतु मला तिथेच तुमचा सगळ्यात मोठा फायदा दिसतो. सुट्टीवर आलेल्या पर्यटकाला शहर बहुधा एकदाच भेटते, त्यामुळे तो यादी हातात घेऊन धावतो आणि रात्री खोलीवर परततो तेव्हा ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी त्याची गत झालेली असते. तुम्हाला यादीची गरजच नाही. एका खेपेला एक गोष्ट, एवढाच नेम ठेवा. पॅरिसचे लूव्र संग्रहालय पर्यटक एका दिवसात उरकतात आणि पाय दुखत बाहेर पडतात. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडे असते, त्यामुळे कामासाठी तिथे वरचेवर जाणारा माणूस एका संध्याकाळी एकच दालन पाहून, तासाभरात, ताज्या डोळ्यांनी परत येऊ शकतो. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ९ पर्यंत उघडे असते. मात्र साप्ताहिक सुट्टीचा वार आधी पाहून घ्यावा, कारण लूव्र मंगळवारी आणि मेट्रोपॉलिटन बुधवारी बंद असते आणि कामाच्या बैठका नेमक्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत पडतात. संग्रहालयांची आवड नसेल, तर नदीकाठचा एखादा पट्टा, एखादी बाग, किंवा ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येणे, यांपैकी काहीही चालेल. चौथ्या-पाचव्या खेपेला त्या शहरात तुमचा स्वतःचा एक बाक आणि एक चहाची जागा तयार झालेली असेल आणि ही ओळख कितीही पैसे मोजले तरी चार दिवसांच्या पर्यटकाला मिळत नाही.

यासाठी करावा लागणारा बदल लहान आहे, पण तो तिकिटे काढतानाच करावा लागतो. कामासाठी प्रवास करणारी माणसे हॉटेल निवडताना विमानतळ जवळ आहे का, हे पाहतात आणि मग शहराबाहेरच्या एका काचेच्या इमारतीत अडकतात. तुम्ही कामाच्या ठिकाणापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालण्याच्या अंतरावरचे, जुन्या वस्तीतले हॉटेल निवडा, म्हणजे सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, वेगळा वेळ न काढता, रोज पाऊण तास शहर तुमच्या डोळ्यांखालून जाईल. एकटीने चालण्याचा रस्ता हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारून ठरवावा आणि संध्याकाळचा परतीचा रस्ता उजेडाचा व वर्दळीचाच असावा. यात भित्रेपणा नाही. त्याच शहरात पुन्हा गेलात तर त्याच हॉटेलात उतरा, असाही माझा आग्रह आहे. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचे एक कारण दाखवून दिले. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीकशा आवाजालाही चटकन जागा होतो, जणू तो पहाऱ्यावर असतो. तीच माणसे दुसऱ्यांदा तिथे झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. तेव्हा महत्त्वाची बैठक पहिल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ठेवण्याचा हट्ट तुमच्या वरिष्ठांनी धरला, तर नम्रपणे ती दुपारवर ढकलावी.

घड्याळाचा फरक असलेल्या प्रवासात थोडी आणखी काळजी घ्यावी लागते. माणसाच्या शरीरातले घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांबीचे असते, त्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते आणि आखडणे अवघड. म्हणूनच पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा पूर्वेकडचा प्रवास अंगावर येतो आणि तिकडे जुळवून घ्यायला ढोबळमानाने प्रत्येक तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. पश्चिमेकडे गेल्यावर संध्याकाळच्या उन्हात फिरावे. पूर्वेकडे गेल्यावर सकाळचे ऊन घ्यावे असे सगळे सांगतात आणि ते खरेही आहे, परंतु फरक सहा-सात तासांचा असेल तर पहिल्या एक-दोन दिवशी अगदी कोवळे ऊन टाळून साधारण साडेदहा-अकरानंतर बाहेर पडावे. तिथल्या सकाळी सातला तुमच्या शरीराच्या लेखी मध्यरात्र असते आणि त्या वेळचा प्रकाश घड्याळ पुढे नेण्याऐवजी मागे ओढतो. दोन दिवसांच्याच कामासाठी जात असाल, तर जुळवून घेण्याचा खटाटोपच करू नये. घरच्या वेळेने झोपावे, उठावे आणि जागेपणाचे जे तास स्थानिक संध्याकाळवर पडतील ते शहराला द्यावेत.

आता जेवणांविषयी, कारण संध्याकाळ खाऊन टाकणारी खरी गोष्ट तीच आहे. ग्राहकांसोबतचे रात्रीचे जेवण धड काम नसते आणि धड विरंगुळाही नसतो. तिथे तीन तास हसतमुख बसून माणूस दोन्हींना मुकतो. सगळीच आमंत्रणे टाळता येणार नाहीत हे मला माहीत आहे. परंतु तीन रात्रींपैकी एक रात्र माझी आहे, असे आधीच कळवून ठेवले तर कोणी रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. उलट, तुम्ही त्यांच्या शहरात काय पाहिले, हे दुसऱ्या दिवशी सांगितले की यजमान खूश होतात आणि त्यातून कामाची बोलणीही सैल होतात.

समुद्राकडे वळताना आधी माझीच फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच सुट्टी आधी आणि काम नंतर, असा बेत केला होता. पहिल्याच दुपारी ढगाळ आकाश पाहून निर्धास्तपणे चार तास वाळूत बसले आणि तिसऱ्या दिवशी भाजलेल्या खांद्यांवर सदऱ्याची शिवण टोचत असताना बारा लोकांसमोर उभे राहून आकडे समजावून सांगितले. खांदे आठवड्यात बरे झाले. धडा असा मिळाला की डोक्यावर काम टांगलेले असताना घेतलेली सुट्टी ही सुट्टी नसतेच. समुद्राकडे पाहतानाही मी मनात तक्ते जुळवत होते आणि म्हणूनच उन्हाचे भान राहिले नाही. तेव्हा पहिला नियम असा, की किनाऱ्यावरचे दिवस कामाच्या नंतरच जोडावेत. काम संपल्यावर माणूस मोकळ्या हाताने येतो. शिवाय परिषद लांबली, बैठक पुढे गेली, तर तिच्यासाठी आठवड्याच्या शेवटी आपल्याकडे जागाही असते.

दुसरा नियम हॉटेल बदलण्याचा. ज्या खोलीत तीन दिवस तुम्ही सादरीकरणाची उजळणी केली, त्याच खोलीच्या त्याच टेबलाशेजारी सुट्टी सुरू होत नाही. सामान बांधावे, किल्ली परत द्यावी आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर का असेना, पण किनाऱ्यालगतच्या दुसऱ्या जागी जावे. हा माझा अनुभवाचा आग्रह आहे. त्याच्यामागे कोणतेही संशोधन मला दाखवता येणार नाही. तिसरा नियम दिवसांच्या संख्येचा आहे. पूर्ण तीन दिवस मिळत नसतील, तर समुद्राचा बेत करू नये आणि ती दीड दिवसाची सवड शहरालाच द्यावी. बार्सिलोना, रिओ किंवा सिडनीसारख्या शहरांत किनारा शहराला लागूनच आहे, त्यामुळे दोन्ही एकदम साधेल असा मोह होतो. तिथे कामाच्या दिवशी संध्याकाळी वाळूवरून जरूर चालावे, पण ते चालणे शहराच्याच खात्यात टाकावे आणि समुद्रावरची सुट्टी झाली असे समजू नये.

किनाऱ्यावर गेल्यानंतर मात्र घड्याळ आपले चालत नाही, आणि हेच तिथल्या सुखाचे मूळ आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आज ज्या वेळी भरती आली तिच्यापेक्षा उद्याची सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी खूप वर येते आणि ओहोटीला खूप मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो. दिवसा जमीन तापली की दुपारकडे खारे वारे सुटतात आणि लाटा खवळतात, तर सकाळचे पाणी बहुधा शांत असते. शाळेत भूगोलाच्या तासाला घोकलेले हे सगळे किनाऱ्यावर अचानक उपयोगाला येते. पोहायचे सकाळी, दुपारी सावलीत लोळायचे, ओहोटीला खडकांमधली डबकी पाहायची आणि भरती चढू लागली की किल्ला पाण्यात कसा जातो ते बघत बसायचे, असा दिवस आपोआप आखला जातो. गेल्या वर्षी तुम्ही रोजच्या दिवसाचा तक्ता केला असणार, असा माझा अंदाज आहे. यंदा करू नका.

मुलगी सोबत असल्यामुळे पाण्याच्या सुरक्षिततेविषयी थोडे विस्ताराने लिहिते. किनाऱ्यावर लाटा ओळीने फुटत असताना मध्येच एखादा पट्टा गडद, शांत आणि लाटा न फुटणारा दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा पोहायला बरी वाटते, आणि नेमके तिथूनच किनाऱ्यावर आलेले पाणी परत समुद्राकडे ओढले जात असते. याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला २ मीटरांहूनही अधिक होऊ शकतो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध पोहून किनारा गाठता येत नाही. बुडणारे लोक बहुतेकदा किनाऱ्याकडे झुंजत राहिल्याने दमतात आणि दमल्यामुळे बुडतात. अशा ओढीत सापडल्यास तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडावे, मग लाटांबरोबर तिरके परत यावे. अनेक देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या जोडीमधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते, तिथेच उतरावे. नुसता लाल झेंडाही मोठ्या धोक्याची सूचना देतो आणि पुष्कळ देशांत त्याचा अर्थ पाण्यात उतरण्यास मनाई असाच असतो; दोन लाल झेंडे एकत्र असतील तर पाणी पूर्ण बंद असते. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी, उन्हाळ्यातल्या एका गर्दीच्या रविवारी, सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी वाळूच्या उथळ दांड्यावर उभ्या असलेल्या शेकडो लोकांना खोल पाण्यात ओढून नेले. जीवरक्षकांनी सुमारे २५० जणांना वाचवले, तरीही ५ जण दगावले. हे सगळे लोक कमरेइतक्या पाण्यात मजेत उभे होते, एवढे लक्षात ठेवावे. आणि मूल पाण्यात असताना फोन हातात नको. त्या वेळी कामाचा मेल वाचणे हा निष्काळजीपणाच आहे, आणि याबाबत मी तुम्हाला कोणतीही सवलत देणार नाही.

उन्हाविषयी माझे खांदे बोलून गेलेच आहेत. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग खाली येऊ शकतो आणि कोरडी वाळू त्यांतला सुमारे १५ टक्के भाग परत वर फेकते, म्हणून छत्रीखालीही माणूस भाजतो. हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा त्याहून अधिक असेल तर टोपी, अंगभर कपडे आणि सनस्क्रीन हवेच, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे लागते. आकडा पाहायला जमले नाही, तर आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेपर्यंत सावलीत बसावे. तुमचे पती पाण्याखालच्या डायव्हिंगचा विचार करीत असतील, तर ते शेवटच्या दिवसावर ठेवू नये. एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, अशी शिफारस आहे, कारण विमानातल्या कमी दाबामुळे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो.

कुटुंबाने कधी यावे, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न आहे आणि माझ्या मते तोच कळीचा आहे. पती आणि मुलगी यांनी तुमच्याबरोबर पहिल्या दिवशी येऊ नये. तुमचे काम तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत असेल, तर त्यांनी चौथ्या दिवशी यावे आणि तुम्ही त्यांना घ्यायला जावे. घ्यायला आलेली आई आणि खोलीतून ‘पाच मिनिटांत आले’ म्हणणारी आई, यांत नऊ वर्षांच्या मुलीला फार मोठा फरक कळतो. तिकिटांच्या सोयीसाठी एकत्रच जावे लागणार असेल, तर पहिल्या तीन दिवसांचा त्या दोघांचा स्वतंत्र बेत असावा आणि त्यात तुमची वाट पाहणे अजिबात नसावे. गेल्या वर्षी चौघांचे बिघडले असे मला दिसते. मुलीची सुट्टी गेली, पतीला दोघींच्या मध्ये दूत व्हावे लागले, तुम्हाला अपराधी वाटले आणि सादरीकरणही, मला खात्री आहे, तुम्हाला हवे तसे झाले नसणार. दोन डगरींवर पाय ठेवण्याची किंमत सगळ्यांनी मिळून दिली.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते, कारण त्या कंटाळवाण्या असल्या तरी सोडून चालणार नाहीत. जोडलेल्या दिवसांचे भाडे, जेवण आणि प्रवास हा तुमचा खर्च आहे आणि तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या कार्डावर ठेवावा. परतीची तारीख पुढे नेल्याने विमानाचे भाडे बदलत असेल, तर दोन्ही तारखांची भाडी त्याच दिवशी टिपून ठेवावीत आणि वरचा फरक स्वतः भरावा, म्हणजे पुढे कोणी शंका घेत नाही. वरिष्ठांना हे सगळे लेखी कळवावे. कंपनीचा प्रवास विमा पुष्कळदा कामाच्या दिवसांपुरताच असतो, त्यामुळे उरलेल्या दिवसांसाठी आणि कुटुंबासाठी वेगळा विमा घ्यावा आणि त्यात पाण्यातले खेळ येतात का, हे वाचून घ्यावे. परदेशात जात असाल तर कामाच्या भेटीसाठी मिळालेल्या व्हिसावर नंतर सुट्टी काढता येते का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या नियमांत पाहावे. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, १८० दिवसांत ९० दिवसांची जी मर्यादा आहे, तिच्यात कामाचे आणि सुट्टीचे दिवस एकत्रच मोजले जातात.

‘मजा आहे बुवा’ म्हणणाऱ्यांना समजावत बसू नका. त्यांचे म्हणणे खरे करून दाखवणे अधिक सोपे आहे.

राहिला लॅपटॉप. काम संपल्यावर तो परतणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर कार्यालयात पाठवता आला, तर उत्तमच. तसे होणार नसेल, तर हॉटेल बदलताना तो बंद करून खोलीच्या तिजोरीत टाका आणि तिजोरीचा आकडा पतीला ठरवू द्या. फोनवरचा कार्यालयाचा मेल त्या दिवसांपुरता काढून टाका. कार्यालयातल्या एकाच व्यक्तीला सांगून ठेवा की खरोखरच अडले तर तिने फोन करावा, संदेश पाठवू नये. फोन करण्याआधी माणूस दोनदा विचार करतो, संदेश पाठवताना तो एकदाही करीत नाही. भरतीच्या वेळांचा तक्ता मुलीच्या हाती द्या आणि उद्याची वेळ आजच्यापेक्षा किती पुढे जाईल, ते तिला काढू द्या. त्या चार दिवसांत पाण्यात कधी जायचे, किल्ला कधी बांधायचा आणि जेवायला कधी उठायचे, या बैठका तीच बोलावील आणि तुम्ही वेळेवर हजर राहायचे.